हात लावल्याशिवाय वळायचं नाही

मधू,

तू गेल्याचं सगळ्यांना कळवून झालं. एसटीडीच्या बूथवर उभा राहून एकच वाक्य इतक्यांदा बोललो की शेवटी शेवटी ते मलाच खरं वाटेनासं झालं. मामा, आत्या, पुण्याचे, नागोठण्याचे, तुझी शाळा, तुझ्या खोलीचा मालक, सगळे झाले. तेरावा झाला, माणसं जेवली, माना हलवत आपापल्या घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेली पातेली घासता घासता नलू, तुझी ताई, एकदम थांबली आणि म्हणाली, "अहो, वाडीवर कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. कोण सांगणार? डोंगराखालच्या त्या ठाकरवाडीवर फोन नाही, पोस्टमन गेला तर गेला. तिथे आपल्या ओळखीचं माणूस एकच, हिराबाई, आणि पनवेलहून तिच्या दारावरून जाणारी माणसं दोन, तू आणि मी. नलू म्हणाली, "तुम्हालाच जायला हवं. ती बाई दर रविवारी वाट बघत असेल." जातो म्हटलं. म्हणायला काय जातंय.

पण त्याआधी तुझ्यावर माझा राग आहे, तो सांगून टाकतो. मला पळायला तू लावलंस. मी आपला सुखाने गल्ल्यावर बसलो होतो. बाजारात खाली रंगाचं दुकान, वर घर, दुपारी डोळ्याला डोळा, संध्याकाळी दोन कप चहा. तू बायकोचा धाकटा भाऊ, शाळेत इतिहास शिकवायचास, खोलीवर एकटा राहायचास आणि जेवायला आमच्याकडे. लग्नाचं नाव काढलं की ताटावरून उठायचास. तर एके दिवशी वरण वाढून घेता घेता म्हणालास, "भावोजी, गिऱ्हाइकाला तुमच्या आधी तुमचं पोट नमस्कार करतं." नलू खो खो हसली. बायको अशी हसली की नवऱ्याला इलाज उरत नाही. पुढच्या रविवारी मी पांढरे कॅनव्हासचे बूट आणि हाफ पॅन्ट घालून एस्टी स्टँडवर उभा, आणि रिक्षावाले माझ्याकडे टकमक बघतायत. एकाने विचारलंसुद्धा, "शेठ, भरती हाय का कुठं?"

तेव्हापासून दहाएक वर्षं तू मला डोंगरांतून पळवलंस. तुझ्या तीन वाटा ठरलेल्या. एक कर्नाळ्याची, गोवा हायवेने, गडाच्या पहिल्या दरवाजापर्यंत. त्या वाटेवर ट्रकवाले गाडी हळू करून विचारायचे, कुठं सोडू का. आपल्याकडे मोठा माणूस पळताना दिसला म्हणजे त्याची एस्टी तरी चुकलेली असते नाहीतर घरी काहीतरी झालेलं असतं, तिसरं कारण लोकांना सुचतच नाही. दुसरी गाढेश्वरची, नेऱ्याच्या पुढे नदीच्या कडेकडेने देवळाच्या पायरीपर्यंत. ती मला आवडायची, कारण सावली होती आणि परत येताना पाण्यात पाय सोडून बसता यायचं. आणि तिसरी प्रबळगडाची. ती तुझी लाडकी. पहाटेच्या एस्टीने कोन गाव मागे टाकून शेडुंग फाट्याला उतरायचं, नलूने दिलेला डबा फाट्यावरच्या चहावाल्याकडे ठेवायचा आणि सुटायचं. आधी शेतं, मग ओढा, मग वाडी, वाडीच्या वर जीव खाणारा चढ, आणि चढाच्या माथ्यावर तो दगड.

तो दगड बघून तुझा चेहरा कसा व्हायचा, हे मी सोडून कुणीच बघितलेलं नाही. कमरेएवढा घडीव दगड, एका अंगाला हाताचं बोट जाईल एवढी खोबण. वाडीतल्या कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. बकऱ्या त्याला पाठ घासायच्या. तू मात्र पहिल्यांदा मला तिथे नेलंस तेव्हा शर्टाच्या टोकाने तो पुसलास आणि सांगायला लागलास. पनवेलच्या खाडीत गलबतं लागायची तेव्हा बंदरावरची खबर गडावर न्यायला जासूद पळायचे. एका जासुदाने इथवर यायचं, पत्राची थैली दुसऱ्याच्या हातात द्यायची आणि मागे वळायचं. दुसऱ्याने ती घेऊन गड चढायचा. "हा चौकीचा दगड आहे, भावोजी. इथे थैली पोचायची." मी धापा टाकत विचारलं, पुरावा काय? झालं! परतीच्या अख्ख्या वाटेत बोलला नाहीस. पुढे किती वेळा विचारलं मी ते, मुद्दाम, तुला डिवचायला. पुरावा तुझ्याकडे नव्हताच. पण तू त्या समोरच्या गडाकडे आणि मागे लांब तळोज्याच्या कारखान्यांच्या धुराकडे अशा नजरेने बघायचास की मधला सगळा काळ तुला दिसतोय असं मला वाटायचं. मला हेवा वाटायचा रे. मला धूर दिसायचा आणि गड दिसायचा, बस.

आणि तुझा तो नियम. हात लावल्याशिवाय वळायचं नाही. कर्नाळ्याला दरवाजाच्या चिऱ्याला, गाढेश्वरला पायरीला, इथे दगडाला. दोन हात अंतर राहिलं तरी ते पळणं तू धरायचा नाहीस. मी एकदा चढाच्या मध्यावर बसलो आणि म्हटलं, चल, इथूनच वळू, कोण बघतंय. तू म्हणालास, "जासूद असता तर फटके खाल्ले असते तुम्ही. खबर अर्ध्यात टाकून वळतात का?" तू नेहमी माझ्या बराच पुढे असायचास. पण वर पोचून एकट्याने हात लावायचा नाहीस. दगडाशेजारी उभा राहून, कमरेवर हात ठेवून, माझी ती फरफट बघत थांबायचास. मी आलो की दोघांनी मिळून तळवा टेकवायचा, आणि तू म्हणायचास, "पोचली." मग मीही म्हणायचं, "पोचली." दम लागलेला असायचा म्हणून दुसरा हात छातीवर. मग वळायचं.

आता लांबून बघणाऱ्याला हे कसं दिसत असेल, याचा आपण दोघांनी कधी विचार केला होता का? डोकं होतं कुठे आपलं?

चढाच्या पायथ्याशी वाडीचं शेवटचं घर हिराबाईचं. सुरुवातीला ती दारात उभी राहून नुसती बघायची. मग एका रविवारी आपण उतरताना तांब्या घेऊन आडवी आली. तेव्हापासून पाणी ठरलेलं. आधी तुला, मग मला, वरून धार. तू तिच्याशी करवंदांच्या, मोहाच्या, तिच्या मुंबईला बांधकामावर गेलेल्या मुलाच्या गप्पा मारायचास, मी ओट्यावर बसून जीव गोळा करायचो. ती तुला मास्तर म्हणायची आणि मला शेठ. मग एका दिवाळीनंतर, दोन-तीन रविवार गावी गेल्यामुळे बुडले होते, आपण वर गेलो तर दगड शेंदराने लालभडक. पायाशी नारळाची करवंटी आणि झेंडूची फुलं.

तू असा उभा राहिलास, जणू कुणी तुझ्या तोंडात मारली असावी. खाली येऊन हिराबाईला विचारलंस, हे कुणी केलं? तिने कौतुकाने सांगितलं, वाडीने केलं. "येवढ्या लांबून पलत येता, त्याला हात लावता, छातीला हात लावता, कायतरी बोलता नं माघारी जाता. नवसाबिगर कोन येतंय असं? आमाला म्हाईतच नव्हता देव हाय म्हनून. तुमच्यामुलं कललं."

मी दुसरीकडे तोंड फिरवून हसलो. नलूची शपथ, हसू आवरेना. तुझा चेहरा मात्र पांढरा पडला होता. वर आणखी मजा अशी, की शेंदूर माझ्याच दुकानातला. बाजाराच्या दिवशी वाडीची माणसं माझ्याकडे येतात, हे तुला ठाऊक होतं. मी आपला निम्मा शेंदूर देवांसाठी विकतो आणि निम्मा खिडक्यांच्या गजांना गंज चढू नये म्हणून. त्या दिवशी रात्री जेवताना तू मला म्हणालास, "भावोजी, तुम्ही पुरावा बुजवायचा माल विकता." मी म्हटलं, देवालाही गंज चढू नये की.

तिथून आपला तो वाद सुरू झाला, तो तू अर्ध्यात टाकून गेलास. बघ, तूच टाकून गेलास. तुझं म्हणणं, हे खोटं आहे, त्यांना सांगायला हवं. आज शेंदूर, उद्या घुमटी, परवा दानपेटी, आणि जासूद कायमचा पुसला. माझं म्हणणं, जासुदाचं नाव तसंही कुणाला ठाऊक होतं? दगडाला काळं कुत्रं विचारत नव्हतं, आता निदान बकऱ्या पाठ घासत नाहीत, राहू दे. कर्नाळ्याच्या वाटेवर भांडलो, गाढेश्वरच्या पाण्यात पाय सोडून भांडलो. नलू म्हणायची, पळायला जाता की भांडायला? आता तिला सांगतो, भांडायलाच जायचो. पळणं आपलं निमित्त होतं.

मग तो टर्पेंटाईनचा रविवार. तू माझ्या दुकानातून मला न विचारता टर्पेंटाईनची बाटली आणि तारेचा ब्रश उचललास, पाठीवरच्या पिशवीत घातलास आणि वर पोचल्यावर बाहेर काढलास. मी खवळलो. चोरीवरून नाही रे. म्हटलं, त्यांच्या देवाला असं परस्पर घासणारा तू कोण? तू म्हणालास, देव नाही तो. मी म्हटलं, मग खाली जाऊन त्यांना तसं सांग आणि मग घास. तू बूच काढलंस. तेवढ्यात हिराबाई चढ चढून वर आली. तिने कधी पाणी वर आणलं नव्हतं. त्या दिवशी आपल्याला यायला उशीर झाला म्हणून घेऊन आली होती. तांब्या आपल्या हातात देण्याआधी तिने त्यातलं थोडं दगडावर शिंपडलं आणि तुझ्याकडे बघून म्हणाली, "सुनेचं नीट बालंतपन होऊ दे म्हनून मी बोलले व्हते याला. मुलगी झाली. दोघी बऱ्या हायेत." आणि पदराने डोळे पुसले.

तू बूच परत लावलंस. बाटली पिशवीत गेली. ओट्यावर बसून तू तिच्या नातीचं नाव काय ठेवलं ते विचारलंस. फाट्यापर्यंत गप्प होतास, आणि एस्टीत बसल्यावर म्हणालास, "पुढच्या रविवारी सांगतो त्यांना." ते पुढचा रविवार, पुढचा रविवार करता करता दोन वर्षं गेली, मधू. तू काही सांगितलं नाहीस. मी तुला त्यावरून कधी चिडवलं नाही. एवढी एकच गोष्ट मी सोडून दिली होती.

आणि मग तू गेलास, तोही खुर्चीत बसून. जो माणूस आयुष्यभर पळत होता तो स्टाफरूममध्ये चहाचा कप हातात घेऊन खुर्चीत जातो. हृदय म्हणे. भेटायला आलेली माणसं मान हलवून म्हणायची, एवढं पळायचा, काय मिळालं? एक जण तर माझ्या तोंडावर म्हणाला, पळून पळूनच गेला. मी त्याला दाराबाहेर काढणार होतो, नलूने माझा दंड धरला. काय मिळालं म्हणजे? पोटाचा घेर कमी झाला का, एवढंच विचारायचं असतं त्यांना. तू मला काय काय दाखवलंस ते मी त्या मूर्खाला कसं सांगू? पळसाला पान नसताना नुसती फुलं बघायला थांबायचास. गाढेश्वरला पाण्यावर खंड्या सूर मारतो तो दिसावा म्हणून मला तोंडावर बोट ठेवून बसवायचास. रंगाचे डबे विकणाऱ्या माणसाला पन्नाशीच्या आत एक दुसरंच आयुष्य दिलंस तू, रविवारपुरतं का होईना. हे मी तुला कधी म्हटलं नाही. मेहुण्याला असलं काही म्हणत नाही कुणी. म्हणायला हवं होतं.

तर वाडी. पहिल्या रविवारी मी बूट घालून स्टँडवर गेलो, एस्टी लागली, माणसं चढली, मी चढलो नाही. घरी येऊन नलूला सांगितलं, गाडी भरून आली होती. दुसऱ्या रविवारी फाट्यापर्यंत गेलो. चहावाल्याने दोन कप ठेवले. मी दोन्ही प्यायलो आणि त्याच्या बाकावर बसून राहिलो. त्याला तरी सांगायचं, ते पण जमलं नाही. परतीची गाडी आली तशी चढलो. रात्री झोप नाही. तुझा आवाज कानात, खबर अर्ध्यात टाकून वळतात का? भीती कसली वाटत होती सांगू? हिराबाई रडेल याची नाही. सगळ्या पनवेलला ठाऊक होतं तू गेलास, पण त्या वाटेवर तू अजून होतास. तिथे कुणाला माहीत नव्हतं. मी जाऊन सांगितलं की तू तिथूनही जाणार.

या रविवारी नलूने डबा भरला आणि माझ्या हातात देत म्हणाली, "आज हात लावूनच या." तिला आपला नियम ठाऊक होता, हे मला ठाऊक नव्हतं.

चहावाल्याला सांगितलं. तो कपबशी धुवायची थांबला, डोक्यावरची टोपी काढली आणि पैसे घेईना. मग मी निघालो. पळत निघालो, कारण दुसरं कसं जायचं ते त्या वाटेवर मला येत नाही. शेतांत कुणी नव्हतं, भात केव्हाच कापून झालेला. पहिल्यांदाच माझी मला पावलं ऐकू आली. इतकी वर्षं दोघांच्या आवाजात माझा कुठला हे कधी कळलंच नव्हतं. फार जड पडतात रे माझी पावलं. ओढ्यापाशी सवयीने मान वर केली, तू पलीकडच्या काठावर थांबून मागे बघायचास म्हणून. पलीकडे एक म्हैस होती. मी ओढ्यात उभा राहून मोठ्याने रडलो. तिथे कुणी ऐकायला नव्हतं, हे एक बरं.

वाडी आली. हिराबाईचं दार लोटलेलं होतं, म्हणून आधी वर गेलो. चढाच्या मध्ये, जिथे मी एकदा बसलो होतो, तिथून जमिनीवर चुन्याची रेघ सुरू झाली. वाडीपासून माचीकडे रस्ता निघणार, त्याची आखणी. ती रेघ सरळ वर चढत गेलेली, आणि अगदी दगडापाशी येऊन तिने हातभर बाजूने वळसा घातलेला आणि पुन्हा सरळ. तिथे लाकडाची मोळी घेऊन आलेली एक बाई होती, तिला विचारलं. ती म्हणाली, साहेब आलं व्हतं, दगड काढा म्हनालं, मानसांनी सांगितलं देव हाय, तं रस्ता बाजूनं घेतला.

म्हणजे मी जिंकलो, मधू. इतक्या वर्षांचा वाद मी जिंकलो. शेंदूर नसता तर तुझी ती चौकी सुरुंग लावून रस्त्यात गेली असती. तू काय म्हणाला असतास तेही मला ठाऊक आहे. "इतिहास म्हणून नाही वाचला, भावोजी, शेंदूर म्हणून वाचला. यात जिंकण्यासारखं काय आहे?" आणि फाट्यापर्यंत बोलला नसतास. मला तुझं ते न बोलणं हवं होतं. जिंकलेला माणूस इतका एकटा असतो, हे कुणी सांगितलं नव्हतं मला. दगडाशेजारी उभा राहिलो आणि हात खालीच राहिला. मी थांबलो होतो. आपण दोघांनी मिळून लावायचा असतो ना. तू मागे राहिलायस आणि आता चढ चढून येशील, असं थांबलो.

तू आला नाहीस. हिराबाई आली. मी वर जाताना तिने फटीतून बघितलं असणार. हातात तांब्या. आल्या आल्या तिने माझ्या मागे बघितलं, मग खाली वाटेकडे बघितलं.

"तुमी एकलंच? मास्तर कुठं हाय?"

घरून वाक्य घोकून आलो होतो, ते सगळं विसरलो. म्हटलं, "मास्तर गेले, हिराबाई. महिना होत आला." ती तिथेच खाली बसली. तांब्या मात्र सरळ धरलेला होता, पाणी सांडू दिलं नाही. मग तिने अगदी हळू विचारलं, "नवस फिटला व्हता का त्यांचा?"

आता बघ, हा क्षण तुझा होता. पुढच्या रविवारी सांगतो म्हणायचास, तो रविवार माझ्या अंगावर टाकून गेलास. हो म्हणालो असतो तर तिचं समाधान झालं असतं, आणि मी तर राहू दे म्हणणाऱ्यांतला. पण तुझी खबर घेऊन आलो होतो, ती अर्ध्यात टाकता येईना. मी तिला सांगितलं. नवस नव्हता. आम्ही नुसते पळायला यायचो. कुठून तरी वळायचं म्हणून दगडाला हात लावायचो. दम लागायचा म्हणून छातीला हात. देव आहे की नाही ते तुमचं तुम्ही बघा, आम्ही त्यासाठी येत नव्हतो.

तिला राग आला नाही. तिला ते नीट पटलंही नाही. कपाळाला आठ्या घालून ती माझ्याकडे बघत राहिली.

"नवस नव्हता, तं येवढी वर्सं कशाला येत व्हते?"

काय सांगू? जासूद सांगू, गलबतं सांगू, पोट सांगू? तुला विचारायला हवं होतं कधी तरी. मी म्हटलं, "सोबतीला. तो माझ्या, मी त्याच्या."

"मंग आता कुनाच्या सोबतीनं येनार?"

मी दगडावर हात टेकवला तो तिच्यापासून तोंड लपवायला. शेंदूर तळव्याला लागला. पोचली म्हणायचं राहूनच गेलं. तिने उठून मला पाणी घातलं, आणि मागे उरलं ते तुझ्या वाट्याचं दगडाच्या पायाशी ओतलं. देवावर नाही, पायाशी, जिथे तू माझ्यासाठी थांबायचास तिथे. मग पदर खोचला आणि म्हणाली, चला.

कुठे, विचारलं. तर म्हणाली, मयताचा निरोप घेऊन आलेल्या मानसाला आमच्यात एकल्याला माघारी धाडत नाय, फाट्यापर्यंत येते. मी नको नको म्हटलं, ऊन झालंय, लांब आहे. ती ऐकते थोडीच. तिच्याबरोबर पळणार कसा, म्हणून चाललो. त्या वाटेवरून मी पहिल्यांदाच चालत गेलो, मधू. ओढ्याच्या काठाला उंबर आहे, तो मी कधी बघितला नव्हता. तुला दिसला होता का? तू सांगितलं असतंस. मध्येच ती तुझ्याविषयी काहीतरी बोलायची, मास्तर नातीला चिक्की आनायचे, मास्तर लई हलू बोलायचे. मी हो हो म्हणायचो. चिक्कीचं मला ठाऊक नव्हतं.

फाट्यावर आलो. चहावाल्याने तिला बसायला बाक पुसून दिला, पण ती बसली नाही. एस्टी लांबून दिसायला लागली. ती म्हणाली, जाते मी, नात शेजारनीकडं हाय. दोन पावलं गेली, आणि थांबली. रस्त्याच्या कडेला मैलाचा दगड आहे, पिवळ्या डोक्याचा. त्याच्यापाशी जाऊन तिने तळवा टेकवला, दुसरा हात छातीवर ठेवला, आणि माझ्याकडे बघत तशीच उभी राहिली. पुढे काय म्हणायचं ते तिला माहीत नव्हतं. इतकी वर्षं लांबून बघितलेलं, शब्द कधी ऐकू आलेच नव्हते.

मी जाऊन तिच्या हाताशेजारी माझा शेंदराचा हात ठेवला.

"पोचली," म्हटलं.

"पोचली," ती म्हणाली, आणि वळली.